हवा सगळीकडे सारखी पोचली, तरी सेल बुडाला

लोकलमध्ये नेटवर्क गेल्यामुळे ज्यांचा भाग अर्धवट राहिला, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘बघा’ शक्य तितके काढलेत, सगळे गेले नाहीत. आकडे मात्र इथे नीट मांडलेत, कारण कानाने ऐकलेला आकडा पुढच्या स्टेशनपर्यंत टिकत नाही.

आजचा विषय हायड्रोजन फ्युएल सेल. पण अख्खा फ्युएल सेल नाही, त्याच्या आतली एक प्लेट. या प्लेटवर मिलिमीटरभर रुंदीच्या नाल्या असतात, त्यांतून एका बाजूला हायड्रोजन आणि दुसऱ्या बाजूला हवा वाहते. त्या नाल्या कशा आखायच्या, एवढंच बोलायचंय. ऐकायला फारच बारीक विषय वाटतो, मलाही वाटला होता.

आधी एक कबुली देतो. मी सॉफ्टवेअरवाला. फ्युएल सेलवर काम करणाऱ्या एका टीमला असा प्रोग्रॅम हवा होता, जो नाल्यांचे शेकडो आराखडे स्वतः तयार करेल, प्रत्येकाचं सिम्युलेशन चालवेल आणि सगळ्यात चांगला निवडेल. तो मी लिहिला. प्रोग्रॅमने निवडलेली पहिली प्लेट ग्रॅफाइटमध्ये कोरून आली, टेस्ट बेंचवर चढली, आणि २२ मिनिटांत सेल बुडाला. बुडाला म्हणजे शब्दशः, पाण्यात. माझ्या स्क्रीनवर त्या डिझाइनचा स्कोअर सगळ्यांत वर होता. हे का झालं, ते सांगता सांगता बाकीचा विषय आपोआप येईल.

तर, सेल काम कसा करतो? मधोमध एक पातळ पडदा असतो, त्याला मेम्ब्रेन म्हणतात. एका बाजूने हायड्रोजन येतो. प्लॅटिनमच्या कणांवर त्याचे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन वेगळे होतात. प्रोटॉन पडद्यातून पलीकडे जातात, इलेक्ट्रॉनला तो रस्ता बंद असतो, म्हणून ते बाहेरच्या तारेतून फिरून जातात. हे फिरणं म्हणजेच आपली वीज. पलीकडे हवेतला ऑक्सिजन वाट बघत असतो. तिथे सगळे भेटतात आणि पाणी तयार होतं.

बातम्यांमध्ये हे पाणी म्हणजे हिरो असतं. २०२२ मध्ये पुण्यात केपीआयटी आणि सीएसआयआर यांची हायड्रोजन बस दाखवली गेली, तेव्हाही ‘धुराऐवजी फक्त पाणी’ हेच सगळीकडे छापून आलं. खरंच आहे ते. पण प्लेट आखणाऱ्या माणसाला विचाराल, तर त्याची निम्मी डोकेदुखी हेच पाणी आहे.

एका सेलचा व्होल्टेज फार नसतो. थिअरीत १.२३ व्होल्ट, भार टाकल्यावर ०.६ ते ०.७. म्हणून शेकडो सेल एकावर एक रचतात, त्याला स्टॅक म्हणतात. दोन सेलच्या मध्ये जी प्लेट येते ती बायपोलर प्लेट. तिची एक बाजू खालच्या सेलला हवा देते, दुसरी बाजू वरच्या सेलला हायड्रोजन देते, आणि वीज मात्र तिच्यातून आरपार जाते.

गावाकडे शेत असलेल्यांना पुढचं पटकन कळेल. ऊस लावताना आपण सरी-वरंबा पाडतो ना? सरीतून पाणी जातं, वरंबा उंच राहतो. प्लेटवर अगदी तेच असतं. सरीतून वायू जातो आणि वरंबा सेलला टेकतो. इंग्रजी पुस्तकांत यांना चॅनल आणि रिब म्हणतात, मी सरी आणि वरंबाच म्हणणार आहे. प्लेट आणि मेम्ब्रेनच्या मध्ये कार्बनच्या तंतूंचा एक कागद असतो, साधारण ०.२ मिलिमीटर जाडीचा. सरीतली हवा या कागदातून झिरपून आत जाते. इलेक्ट्रॉन मात्र वरंब्यातूनच ये-जा करतात, कारण सरी म्हणजे मोकळी पोकळी, तिथे धातू किंवा ग्रॅफाइट नाहीच.

म्हणजे पहिलं भांडण इथेच सुरू होतं. सरी रुंद केली तर हवा भरपूर पोचते, पण विजेला टेकायला जागा कमी. वरंबा रुंद केला तर वीज खुश, पण वरंब्याखालचा कागद दाबला जातो, तिथे ऑक्सिजन नीट पोचत नाही आणि पाणी साचतं. त्यामुळे दोन्ही एक मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी ठेवतात. जितकं बारीक तितकं चांगलं, फक्त ते बनवता आलं पाहिजे.

आता माझ्या प्लेटकडे येऊ. १६ सेंटिमीटर बाय १६ सेंटिमीटर. एक मिलिमीटर सरी, एक मिलिमीटर वरंबा, म्हणजे ८० सऱ्या बसल्या. खोलीही एक मिलिमीटर. हिशेबाला सोपं पडावं म्हणून क्षेत्रफळ २५० चौरस सेंटिमीटर धरू आणि दर चौरस सेंटिमीटरला एक अँपिअर, म्हणजे एकूण २५० अँपिअर. हवा गरजेच्या दुप्पट पाठवायची, कारण जेमतेम पुरेल एवढीच पाठवली तर सरीच्या शेवटच्या टोकाला ऑक्सिजन उरतच नाही. दुप्पट पाठवूनही आत शिरताना २१ टक्के असलेला ऑक्सिजन बाहेर पडताना १२ टक्क्यांच्या खाली आलेला असतो.

७० अंश तापमानाला ही हवा सेकंदाला साधारण १७४ मिलिलिटर भरते. आणि पाणी? २५० अँपिअरला एका सेलमध्ये तासाला ८४ ग्रॅम. एक कटिंग चहा समजा. फार नाही वाटत ना? पण ते एका पातेल्यात पडत नाही. ८० बारीक सऱ्यांच्या तळाशी, कागदाच्या छिद्रांतून, घाम फुटावा तसं थेंबाथेंबाने येतं.

माझ्या प्रोग्रॅमला मी दोन उद्दिष्टं दिली होती. एक, हवा सगळ्या सऱ्यांत सारखी वाटली जावी. दोन, हवा ढकलायला लागणारा दाब कमीत कमी असावा. दोन्ही एकदम शहाणपणाची वाटतात. हवा ढकलायला कॉम्प्रेसर लागतो, तो सेलच्याच विजेवर चालतो, मग दाब वाचवला म्हणजे वीज वाचली. प्रोग्रॅमने काय निवडलं असेल, सांगा बघू? ८० सरळ, समांतर सऱ्या. एका बाजूने हवा आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. दोन्ही टोकांच्या मुख्य नाल्यांना त्याने असा निमुळता आकार दिला, की ८० सऱ्यांतल्या प्रवाहातला फरक २ टक्क्यांच्या आत आला. मी तो आलेख मोबाइलचा वॉलपेपर करायचा बाकी ठेवला होता.

दाब किती लागला? प्रत्येक सरीत हवेचा वेग सेकंदाला २.२ मीटर, म्हणजे आपण घाईत चालतो तसा. या वेगाला १६ सेंटिमीटर लांबीत होणारी दाबाची घट साधारण २०० पास्कल. २०० पास्कल म्हणजे किती? ग्लासातल्या पाण्यात स्ट्रॉ दोन सेंटिमीटर बुडवा आणि फुंकर मारून बुडबुडा काढा. तेवढाच जोर.

आणि आता थेंबाकडे बघा. मिलिमीटरभर रुंदीच्या सरीत पाण्याचा थेंब फुगत फुगत दोन्ही भिंतींना आणि वरच्या छताला टेकला, की त्याचं बूच होतं. पृष्ठताणामुळे हे बूच भिंतीला चिकटून बसतं. त्याला हलवायला किती दाब लागेल, ते भिंत पाण्याला किती धरते यावर ठरतं, पण एवढ्या अरुंद नालीत ते काही दहा ते शंभरेक पास्कल असतं. म्हणजे एका सरीत असे तीन-चार बूच बसले की माझे २०० पास्कल संपले. सरी बंद.

बरं, सरी बंद झाली तर मागून दाब वाढेल आणि बूच उडेल, असं वाटतं ना? समांतर रचनेत ते होत नाही. शेजारच्या ७९ सऱ्या उघड्या आहेत. हवा सरळ तिकडे वळते. दाब २०० चा २०२ होतो, बूच जागच्या जागी. त्या सरीखाली पाणी साठत राहतं, मग शेजारच्या सरीची पाळी येते.

सॉफ्टवेअरवाल्यांसाठी सांगतो. हा अगदी आपला लोड बॅलन्सर आहे. एक सर्व्हर अडकला की ट्रॅफिक दुसऱ्या सर्व्हरकडे वळवायचा. वेबसाइटसाठी ही उत्तम गोष्ट आहे, कारण वापरणाऱ्याला कुठल्याही सर्व्हरने उत्तर दिलं तरी चालतं. इथे गिऱ्हाईक जागेवरून हलू शकत नाही. बंद सरीखालचं प्लॅटिनम त्या सरीवरच अवलंबून आहे. तुम्ही ट्रॅफिक वळवलात, म्हणजे तुम्ही त्याला उपाशी ठेवलंत. मी आयुष्यभर जे चांगलं म्हणून शिकलो होतो तेच इथे उलटं पडलं, आणि ते कळायला मला लाजिरवाणा वेळ लागला.

बेंचवर काय दिसलं तेही सांगतो. सुरुवातीची दहा मिनिटं व्होल्टेज छान स्थिर. मग हळूहळू उतार. करंट २५० वर बांधलेला होता, त्यामुळे ज्या सऱ्या चालू होत्या त्यांच्यावर जास्त भार, तिथे जास्त पाणी, मग त्याही बंद. शेवटची चार-पाच मिनिटं तर आलेख जिन्यासारखा पायरी-पायरीने खाली आला. एकेक पायरी म्हणजे एकेक सऱ्यांचा गट. सेल उघडला तेव्हा प्लेटवर पावसाळ्यातल्या काचेसारखं दृश्य होतं.

माझ्या सिम्युलेशनला हे का दिसलं नाही? कारण कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये मीच लिहिलं होतं, की सगळं पाणी वाफ म्हणूनच धरायचं. द्रव पाणी आणि हवा एकत्र वाहतानाचं गणित फार जड असतं, एकेका डिझाइनला अख्खी रात्र लागते, आणि मला शेकडो डिझाइन तपासायची होती. सोय म्हणून एक ओळ लिहिली आणि विसरलो. प्रोग्रॅमने चूक केली नाही. मी विचारलं त्याचं अगदी बरोबर उत्तर दिलं.

मग दुसरं टोक बघू. समजा ८० समांतर सऱ्यांऐवजी एकच लांब सरी केली, जी नागमोडी जाते. डावीकडून उजवीकडे, वळण, पुन्हा डावीकडे, अशा ८० फेऱ्या. आता हवेला पळवाट नाही. बूच बसलं तर अख्खा दाब त्याच्यामागे उभा राहतो आणि त्याला बाहेर फेकतो. १९९० च्या आसपास कॅनडातल्या बॅलार्ड कंपनीच्या लोकांच्या पेटंटांतून ही नागमोडी रचना प्रसिद्ध झाली, आणि आजही प्रयोगशाळेत छोटा सेल तपासायचा असला की बहुतेक वेळा हीच वापरतात.

पण किंमत बघा. सरीची लांबी ८० पट झाली, १६ सेंटिमीटरची जवळजवळ १३ मीटर. आणि सगळी हवा एकाच सरीतून जायची म्हणून वेगही ८० पट. शांत, थराथराने वाहणाऱ्या प्रवाहात दाबाची घट लांबी आणि वेग यांच्या गुणाकारावर जाते. ८० गुणिले ८०, म्हणजे ६,४०० पट! २०० पास्कलचे बारा-तेरा लाख पास्कल झाले, वातावरणाच्या दाबाच्या बारापट. खरं तर तिथवर हिशेब टिकतच नाही, कारण वेग सेकंदाला १७४ मीटर येतो, म्हणजे ताशी सव्वासहाशे किलोमीटर. विमान आहे का ते? पाच-दहा चौरस सेंटिमीटरच्या छोट्या सेलमध्ये एकेरी नागमोडी चालून जाते, मोठ्या प्लेटवर अजिबात नाही.

यातला वर्ग लक्षात ठेवा, म्हणजे फेऱ्यांच्या संख्येचा वर्ग. कारण मधला रस्ता त्यातूनच निघतो. ८० सऱ्यांचे ८-८ चे १० गट करा. आठ सऱ्या हातात हात घालून एकत्र निघतात आणि प्लेटवर १० फेऱ्या मारतात. लांबी १० पट, वेग १० पट, दाब १०० पट. म्हणजे २०,००० पास्कल, दोन मीटर पाण्याच्या स्तंभाएवढा. हवेचा वेग सेकंदाला २२ मीटर. आता एखाद्या सरीत बूच बसलं तर त्याच्यामागे २०,००० पास्कल आहेत आणि त्याला हलायला शंभर पुरतात. ते टिकूच शकत नाही.

याची वीज किती गेली? सेकंदाला १७४ मिलिलिटर गुणिले २०,००० पास्कल, म्हणजे साडेतीन वॉट. कॉम्प्रेसरची गळती धरली तर सहाएक वॉट. सेल देतो २५० अँपिअर गुणिले ०.६५ व्होल्ट, म्हणजे १६० वॉटच्या वर. खर्च साडेतीन-पावणेचार टक्के. माझ्या पहिल्या प्लेटचा खर्च जवळपास शून्य होता आणि २२ मिनिटांनंतर उत्पन्नही शून्याकडे चाललं होतं.

मी ज्या दाबाला नुसता खर्च समजत होतो, तोच सरीतला झाडू होता. झाडूवाल्याचा पगार वाचवला आणि मग घर घाण का झालं म्हणून डोकं खाजवत बसलो.

आणि गंमत म्हणजे समान वाटणीचा प्रश्नही याच दाबाने सुटतो. ठिबक सिंचन बघितलंय? नळीवर जो छोटा ड्रिपर असतो, त्याच्या आत मुद्दाम वाकडातिकडा चक्रव्यूह असतो. पाण्याचा बराचसा दाब त्या चक्रव्यूहात खर्च होतो. म्हणून मुख्य नळीत दाब थोडा वरखाली झाला तरी पहिल्या झाडाला आणि शेवटच्या झाडाला पाणी जवळपास सारखं मिळतं. फांदीतला अडथळा मुख्य नळीतल्या अडथळ्यापेक्षा खूप मोठा ठेवायचा, एवढंच त्यातलं सूत्र. माझ्या ८० सऱ्यांत अडथळा इतका कमी होता, की मुख्य नाल्यांना तो निमुळता आकार देण्यात माझे तीन आठवडे गेले. आठ सऱ्यांच्या नागमोडी प्लेटला मुख्य नाला साधा चौकोनी ठेवला तरी वाटणी ठीकठाक आली. तीन आठवडे!

स्टॅकमध्ये तर हे आणखी जिवावर येतं. स्टॅकमधले सगळे सेल विजेच्या बाजूने एकामागोमाग एक जोडलेले असतात, म्हणजे सगळ्यांतून तोच करंट जायलाच हवा. हवेच्या बाजूने मात्र सगळे सेल समांतर, एकाच मुख्य नाल्यावर. म्हणजे ३०० सेलमधल्या एकाच्या सऱ्या तुंबल्या तर हवा इतर २९९ कडे वळते, पण करंट काही वळत नाही. तो त्या उपाशी सेलमधूनच जातो. सगळ्यात कमजोर सेल अख्ख्या स्टॅकला खाली ओढतो.

हवेच्या बाजूला हे झालं तर व्होल्टेज पडतो, आणि पाणी काढलं की बऱ्याचदा सेल पुन्हा उभा राहतो. हायड्रोजनच्या बाजूला झालं तर मात्र नुकसान कायमचं. करंट तर काढायचाच आहे आणि हायड्रोजन नाही, मग इलेक्ट्रॉन कुठून येणार? प्लॅटिनम ज्या कार्बनवर बसवलेलं असतं, तो कार्बनच ऑक्सिडाइज व्हायला लागतो. सेल स्वतःचंच घर जाळून शेकोटी करतो म्हणा ना. त्यातून हायड्रोजनच्या बाजूला झाडूही कमजोर. हायड्रोजन हवेच्या निम्माच चिकट, आणि त्याचं आकारमानही बरंच कमी लागतं. तीच सरी ठेवली तर दाबाची घट हवेच्या दहाव्या-सातव्या हिश्शाएवढी भरते. म्हणून तिकडे सऱ्या वेगळ्या आखाव्या लागतात, हायड्रोजन फिरवून फिरवून पुन्हा आणतात आणि अधूनमधून झडप उघडून आतलं पाणी आणि पलीकडून झिरपून आलेला नायट्रोजन बाहेर सोडतात.

इथवर ऐकून कोणी म्हणेल, पाणीच नको ना, हवा गरम आणि कोरडी पाठवा. तेही जमत नाही. मेम्ब्रेन ओला असला तरच प्रोटॉन जाऊ देतो, सुकला की रस्ता बंद. एकाच सरीत काय होतं बघा. सुरुवातीला हवा कोरडी, तिथे मेम्ब्रेन सुकायला बघतो. पुढे जाता जाता हवेत वाफ भरत जाते आणि शेवटी मावेनाशी होऊन पाणी पडतं. पूर्ण कोरडी हवा, गरजेच्या दुप्पट, साध्या वातावरणाच्या दाबाला पाठवली, तर मी काढलेल्या हिशेबाने साधारण ६० अंशाला ती बाहेर पडताना बरोब्बर काठोकाठ भरते. त्याहून गार सेल असेल तर शेवटी पाणी, त्याहून गरम असेल तर अख्खी सरी तहानलेली. म्हणून बेंचवर आम्ही हवा आधी ओली करून पाठवत होतो, आणि म्हणूनच पाणी इतकं झालं. एक जुनी युक्ती अशी, की हायड्रोजन आणि हवा एकमेकांच्या उलट दिशेने सोडायचे. म्हणजे एकाचं ओलं टोक दुसऱ्याच्या कोरड्या टोकाशेजारी येतं आणि मेम्ब्रेनमधून पाण्याची आपसांत देवाणघेवाण होते.

सऱ्यांचे इतर प्रकारही आहेत. एक मला फार आवडतो. दोन हातांची बोटं एकमेकांत घातल्यासारखी रचना, पण आत येणाऱ्या सऱ्या पुढे बंद आणि बाहेर जाणाऱ्या मागून बंद. हवेला एका सरीतून दुसरीत जायला रस्ताच नसतो, तिला वरंब्याखालच्या कागदातून घुसूनच जावं लागतं. कॅन्सस विद्यापीठातल्या ट्रंग व्हॅन न्गुयेन यांनी १९९६ मध्ये यावर लिहिलं होतं. वरंब्याखाली साचलेलं पाणी यात चांगलं निघतं, पण दाबाचं बिल मोठं येतं आणि कागद जरा कमीजास्त दाबला गेला की सगळं गणित बदलतं. तसं नागमोडीतही हे थोडं आपोआप घडतं. शेजारशेजारच्या दोन फेऱ्यांमध्ये दाबाचा फरक असतो, त्यामुळे थोडी हवा वळणापर्यंत न जाता कागदातूनच शॉर्टकट मारते. ट्रॅफिकमध्ये आपले टू-व्हीलरवाले गल्लीतून काढतात, तसंच.

मोठ्या कंपन्यांनी काय केलं? होंडाच्या २००८ च्या एफसीएक्स क्लॅरिटीमध्ये वायू वरून खाली सोडले होते, म्हणजे पाणी काढायला गुरुत्वाकर्षण फुकटात मदतीला, आणि सऱ्या सरळ न ठेवता लाटेसारख्या केल्या. टोयोटाची गोष्ट जास्त मजेशीर आहे. २०१४ मध्ये पहिली मिराई आली, तिच्या हवेच्या बाजूला सऱ्या नव्हत्याच. त्याऐवजी टायटॅनियमची त्रिमितीय बारीक जाळी होती, जी हवेला सतत वळवून कागदात ढकलायची आणि पाणी बाजूला ओढायची. ३७० सेल, ११४ किलोवॅट, लिटरला ३.१ किलोवॅट. जगभर कौतुक झालं. २०२० च्या दुसऱ्या मिराईत टोयोटाने ती जाळी काढून टाकली! परत सऱ्याच आणल्या, फक्त त्या मध्ये मध्ये अरुंद केल्या. अरुंद जागी हवा अडते आणि तिचा काही भाग कागदात शिरतो. जाळीचं काम झालं, जाळीचा वेगळा भाग वाचला. ३३० सेल, १२८ किलोवॅट, लिटरला ४.४. सेल कमी आणि ताकद जास्त. अर्थात ही सगळी वाढ एकट्या सऱ्यांची नाही, मेम्ब्रेन आणि प्लॅटिनमच्या थरातही बदल होते. पण गाजलेली गोष्ट मोडून साधी गोष्ट करायला धाडस लागतं, हे मी कोड लिहिताना पुष्कळदा बघितलंय.

बनवण्याबद्दल थोडक्यात. ग्रॅफाइटमध्ये मशीनने काहीही कोरता येतं, फक्त वेळ लागतो. गाडीसाठी मात्र लाखो प्लेटा हव्यात, त्यामुळे ०.१ मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या धातूच्या पत्र्याला साच्यात दाबतात. मग एका बाजूची सरी म्हणजे दुसऱ्या बाजूचा वरंबा, आपोआप. दोन असे पत्रे पाठीला पाठ लावून जोडायचे आणि मधल्या पोकळीतून थंड करणारं पाणी फिरवायचं. सरी फार खोल आणि अरुंद मागितली की पत्रा फाटतो. माझ्या प्रोग्रॅमने सुरुवातीला सुचवलेली निम्मी डिझाइन साचेवाल्याने नुसती बघूनच बाजूला ठेवली असती.

मग मी बदललं काय? दाब कमीत कमी हे उद्दिष्ट काढलं. त्याऐवजी अट घातली, की कुठल्याही सरीत पाण्याचे पाच बूच एकदम बसले तरी उरलेला दाब त्यांना हलवायला पुरला पाहिजे, आणि ही अट पाळणाऱ्यांतला सगळ्यात स्वस्त आराखडा निवड. दोन अवस्थांचं जड सिम्युलेशन नाही, रात्र-रात्र मशीन चालवणं नाही. साधा भागाकार, तीन ओळींचा. ती अट घातल्यावर समांतर सऱ्यांची सगळी डिझाइन यादीतून गळाली आणि आठ-आठच्या नागमोडी वर आल्या.

दुसरी प्लेट बेंचवर चढली त्या दिवशी मी पहिल्या २२ मिनिटांत तीन वेळा चहा घेतला. व्होल्टेज पहिल्या प्लेटसारखा गुळगुळीत नव्हता. सारखा किंचित थरथरत होता. आधी मला भीती वाटली. मग बाहेरच्या नळीकडे लक्ष गेलं. दर थोड्या वेळाने ती नळी बीकरमध्ये पाण्याची छोटी पिचकारी टाकत होती, आणि पिचकारी आली की आलेखात तो बारीक थरथराट. कुठल्या तरी सरीतलं बूच सुटून बाहेर आलं होतं. संध्याकाळी सात वाजता लॅब बंद करायची म्हणून आम्ही सेल बंद केला, तेव्हाही नळीचं ते चालूच होतं.

पुढच्या भागात मेम्ब्रेन. तोवर, घरी ठिबक असेल तर एक जुना ड्रिपर उघडून आतला चक्रव्यूह बघा.